नऊ मार्कांची टॉर्च

मीटर वाचायला येणाऱ्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. "लाइटवाला आला" एवढी ओळख पुरते, आणि तो गेला की तीही संपते. या गृहस्थाला मात्र लोकांनी हौसेनं नाव ठेवलं होतं. जिन्याखालच्या अंधारात आधी एक इवलासा उजेड लुकलुकायचा आणि मग त्याच्यामागून हा प्रकट व्हायचा, म्हणून कुणीतरी त्याला काजवा म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. ऑफिसात काजवा, गल्लीत काजवा. एक बायको तेवढी 'अहो' म्हणायची. चिडली की 'अहो मीटरवाले'.

मीटर कुठे बसवतात हे ज्यानं पाहिलंय त्याला या नावाचं कौतुक कळेल. इमारत बांधणाऱ्याला सगळं बांधून झाल्यावर शेवटी जो कोपरा नकोसा उरतो, तिथे मीटर जातात. जिन्याच्या पोटात, पंपाच्या मागे, मोडक्या सायकली आणि रंगाचे डबे यांच्या पलीकडे. एका हातात आकडे भरायचं यंत्र, दुसऱ्या हातानं सायकल बाजूला करायची, मग टॉर्च धरायची कुठे? काजवा ती दातात धरायचा. म्हणून त्याला मोठी टॉर्च चालत नसे. शिवाय मोठ्या टॉर्चचा झोत मीटरच्या काचेवर पडला की काच अशी काही चमकते की आकडे पार पुसून जातात. उजेड कमी हवा, पण तिरका पडायला हवा, हे त्याचं लाडकं तत्त्व होतं आणि ते तो न विचारता कुणालाही ऐकवायचा.

तर किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायच्या अंगठ्याएवढ्या टॉर्चा हा त्याचा विषय. विषय म्हणजे वेडच. बाजारात नवी आली की यानं घेतलीच. मीटरनोंदीच्या एका जुन्या वहीत त्यानं रकाने आखले होते: वजन, बटण, कडी, उजेड, सेल किती टिकला, आणि शेवटचा रकाना 'दातात'. पुढे शेरा. "बटण फार हळवं. खिशात आपोआप पेटते. बसमध्ये बाईनं दोनदा पाहिलं." "कडी कच्ची. किल्ल्या गटारात, टॉर्च हातात." "उजेड छान, पण दातात धरली की जिभेला गंजाची चव." प्रत्येक पानाखाली तारीख आणि सही, ऑफिसच्या शिस्तीत. सोबतचे रीडर त्याची यथेच्छ टर उडवायचे आणि स्वतःची टॉर्च बिघडली की गुपचूप यालाच विचारायला यायचे.

हे सोबतचे लोक महाबिलंदर. कुलूप दिसलं, कुत्रं दिसलं, जिना जास्त वाटला, की चहा घेत बसून आकडा ठोकून द्यायचे. मागच्या महिन्याचा घ्यायचा आणि त्यात थोडं घालायचं. काजव्यानं एकतीस वर्षांत हे एकदाही केलं नाही. बघितल्याशिवाय आकडा नाही. पावसात भिजला, कुत्रं चावलं, एकदा तर पायाखालची फळी मोडून तळघरात पडला, पण पडल्या पडल्या टॉर्च लावून मीटर वाचून आला. त्याला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्याला शोभायचाही.

बायकोची गोष्ट निराळी, आणि खरं तर तीच सांगायची आहे.

ती एका लाँड्रीच्या काउंटरवर होती. दुपारी बारा ते रात्री आठ, एकोणीस वर्षं. कपडा घ्यायचा, डाग बघायचे, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, आणि धुऊन आला की ज्याचा त्याला द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण दोनशे पांढरे शर्ट एका दांडीवर लटकत असताना चिठ्ठी गळून पडली की भल्याभल्यांची भंबेरी उडते. हिची उडत नसे. ती माणसं चेहऱ्यानं नाही, शर्टानं ओळखायची. "ते डाव्या बाहीवर शाई सांडणारे," "ते बटणं ताणणारे, अहो, आता एक नंबर मोठा घ्या म्हणावं." एकोणीस वर्षांत एकही कपडा चुकीच्या घरी गेला नव्हता. मालक म्हणायचा, वहिनी आहेत म्हणून मी दुपारी झोपतो. घरी ती हे सगळं रंगवून सांगायची आणि काजवा जेवता जेवता हसून ठसका लावून घ्यायचा. मूलबाळ नव्हतं त्यांना. याचे जिने आणि तिचे शर्ट, एवढ्यावर त्यांचं घर भरलेलं होतं.

मग ती अडखळायला लागली. आधी अर्धवट उघड्या दाराला खांदा लागला. मग स्टुलाला पाय. एकदा कामावरून येताना जिन्यात पडली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, अठ्ठेचाळीस पायऱ्या, आणि जिन्याचा दिवा असा नाठाळ की खाली बटण दाबलं तर दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत विझायचा. काजव्यानं दिव्याला शिव्या घातल्या आणि आपली सगळ्यात चांगली टॉर्च तिच्या जुडग्याला लावून दिली.

"कशी आहे?" त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"बरी आहे. जरा मंद वाटते."

मंद? ही? काजव्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा बाकी राहिला. पण मंद तर मंद. तो कामाला लागला. वहीत एक नवा रकाना आला, 'हिचे मार्क', दहापैकी. नवी टॉर्च आणायची, आठवडाभर तिनं वापरायची आणि मार्क द्यायचे. पहिलीला सात. तिच्याहून तेज होती तिला सहा. तिच्याहूनही तेज, मालवाहू गाडीच्या दिव्यासारखी, तिला पाच. काजवा दुकानदाराशी भांडला. "हल्लीचा माल म्हणजे नुसता चकचकाट, उजेड नाही," असं त्याच्या तोंडावर म्हणाला. दुकानदारानं तीच टॉर्च घेऊन दुकानामागची अख्खी अंधारी बोळ उजळून दाखवली. काजव्यानं ते पाहिलं. पण आकडे वाचण्यात आयुष्य गेलेल्या त्या माणसाला वहीतले उतरते आकडे दिसत असूनही वाचवेनात. दोष टॉर्चचाच, असं तो स्वतःला बजावत घरी आला.

शेवटी तीच म्हणाली, "एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टर तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं वाळत चालला होता. त्याला औषध नव्हतं. हळूहळू जाईल, त्या म्हणाल्या. आधी अंधारातलं जाईल, मग कडेचं. दिवसाउजेडी समोरचं मात्र बरीच वर्षं टिकेल. "एक दिवस असा येईल की अंधारात टॉर्चचाही उपयोग होणार नाही. तो कधी येईल ते सांगता येत नाही."

तिनं एकच प्रश्न विचारला. "मी काम करू शकेन ना?"

"दिव्याखालचं काम आहे, खुशाल करा. फक्त परत घरी एकटीनं जाता यायला हवं. जोवर ते जमतंय तोवर सोडू नका."

त्या एका वाक्याला दोघांनी घट्ट धरलं. रस्त्यावर दिवे होते, ते निभत होतं. प्रश्न त्या अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा होता. काजव्याची पाळी रात्री नऊला संपायची, त्यामुळे तिला घ्यायला जाणं शक्य नव्हतं. पाळी बदलून मागितली, मिळाली नाही. मग उरली टॉर्च. बायकोचे डोळे आपल्याला वाचवता येणार नाहीत, हे कळल्यावर माणूस दुसरं काय करणार? तो झपाटल्यासारखा टॉर्चांच्या मागे लागला. बटण मोठं हवं, बोटाला न बघता सापडेल असं. उजेडाचा गोल रुंद हवा, पायरीची कड दिसेल असा. दातात धरायचा रकाना त्यानं रेघ मारून खोडून टाकला.

वर्षभरात अकरा टॉर्चा झाल्या. मार्क चारवर आले.

बारावी त्याला दूरच्या एका दुकानात मिळाली. करंगळीएवढी, वजनाला काहीच नाही, दोन बटणाएवढ्या चपट्या सेलांवर चालणारी, आणि उजेड असा रुंद की भिंतीवर ताट मांडल्यासारखा गोल पडावा. त्यानं दोन घेतल्या, एक स्वतःला परीक्षेसाठी आणि एक तिला. स्वतःची तिथेच दुकानात उघडली, सेलाखालची पट्टी ओढली, दातातसुद्धा धरून पाहिली. तिची मात्र पाकिटातून काढून तशीच जुडग्यात ओवली. आयुष्यभर प्रत्येक टॉर्च दहा वेळा तपासणाऱ्या या माणसानं ही एकच तपासली नाही, आणि तीही प्रेमापोटी.

"हिचं पहिलं बटण तू दाबायचं," तो म्हणाला. "अगदी कोरी ठेवलीय तुझ्यासाठी."

ती घाईत होती. जुडगा पर्समध्ये टाकून कामावर गेली. रात्री तो आला तेव्हा ती त्याच्याकडे पाठ करून खुंटीवर पर्स अडकवत होती.

"मग? कशी आहे?"

पर्सचा पट्टा खुंटीवर नीट बसायला जरा वेळ लागला. "छान आहे हो," ती म्हणाली. "नऊ."

नऊ! काजव्याला गगन ठेंगणं झालं. त्यानं लाल पेनानं वहीत नऊ लिहिला, दोनदा गिरवला, खाली सही ठोकली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही. वही त्यानं कपाटावर टाकली ती टाकलीच. शोध संपला होता.

तीन आठवड्यांनी तिनं काम सोडलं.

"पाय दुखतात दिवसभर उभं राहून," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली. बास झालं." त्याला ते पटलं. खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. मालकानं हातापाया पडून पाहिलं, मग महिनाभरानं आपल्या भाचीला काउंटरवर बसवलं. पहिल्याच आठवड्यात एकाचा कोट दुसऱ्याकडे गेला. ही बातमी कुणीतरी कौतुकानं तिला सांगितली, तेव्हा ती त्या दिवशी जेवली नाही.

घरी ती काजव्याचे सहाच्या सहा शर्ट पुन्हा पुन्हा घड्या घालून ठेवायची. संध्याकाळी बाहेर पडायचं नाव काढत नसे. सुट्टीच्या दिवशी त्यानं आग्रह केलाच तर त्याच्या कोपराला धरून उतरायची, आणि तेव्हा टॉर्च त्याचीच लागायची. घरातलं हसणं कमी झालं होतं. काम सोडलेल्या माणसाला सुरुवातीला असं होतं, अशी काजव्यानं आपली समजूत घालून घेतली.

घेतल्यापासून तीन महिन्यांनी त्याच्या टॉर्चचे सेल संपले. तारीख बघून तो खूश झाला. शहाण्णव दिवस, त्याच्या वहीत हा विक्रम होता. तुलनेला म्हणून तिची टॉर्च बघावी, तिच्यात किती जीव उरलाय ते कळेल, असं म्हणून त्यानं सुट्टीच्या दिवशी दुपारी तिचा जुडगा घेतला. बटण दाबलं. उजेड नाही. पुन्हा दाबलं. मग त्यानं नखानं मागचं झाकण उघडलं.

सेलाखाली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी होती. दुकानात असताना सेल उतरू नये म्हणून घालतात ती. तिचं टोक नखाएवढं बाहेर आलेलं होतं, जसं कारखान्यातून आलं तसंच. ही टॉर्च जन्माला आल्यापासून एकदाही पेटलेली नव्हती.

शून्य रीडिंग आलं की काजव्याला तीन कारणं ठाऊक होती: घर बंद आहे, मीटर बंद आहे, किंवा कुणीतरी चोरून वीज वापरतंय. या शून्याला त्यातलं एकही लागू पडेना. तो वही काढून त्या लाल नऊकडे बघत बसला. मग उठून आत गेला. ती खिडकीपाशी शर्टाची घडी घालत होती.

"ही टॉर्च तू कधी लावलीच नाहीस?"

"लावली होती की. नऊ नाही का दिले?"

"कुठे लावलीस?"

तिच्या हातातली घडी थांबली. "जिन्यात. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. ती खिडकीकडेच बघत होती. "बटण दाबलं. काहीच दिसलं नाही. परत दाबलं, सात-आठ वेळा दाबलं. डॉक्टर म्हणाल्याच होत्या ना, एक दिवस टॉर्चचाही उपयोग होणार नाही. म्हटलं, आला तो दिवस."

काजव्यानं हातातल्या टॉर्चकडे पाहिलं.

"तुम्ही वर्षभर एकेक आणून हातात ठेवत होतात. दुकानदारांशी भांडत होतात. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की आता हे राहू दे म्हणून? मग दिले नऊ. दहा दिले असते तर तुम्हाला संशय आला असता." ती किंचित हसली. "तीन आठवडे भिंतीला हात लावून, पायऱ्या मोजत आले. एकदा मोजताना चुकले आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या कुलपात किल्ली घालत राहिले. ते बिचारे आतून 'कोण आहे, कोण आहे' ओरडतायत. मग ठरवलं, पुरे."

"अगं, घरात एकदा लावून बघायची होतीस!" तो ओरडला. तिच्यावर तो कधी ओरडत नसे.

"धीर नाही झाला. घरातही दिसली नसती तर? तुमची लागायची तेव्हासुद्धा मी डोळे मिटूनच उतरायचे."

त्यानं तळहात पुढे केला आणि ती पट्टी तिच्या हातात ठेवली. ती पट्टी तिनं चाचपली, डोळ्यांसमोर धरली, पण तिला कळेना.

"हे काय?"

"चल," तो म्हणाला.

त्यानं तिला दंडाला धरून जिन्यात नेलं. भर दुपारीसुद्धा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काळोख असायचा. तिथे उभं राहून त्यानं टॉर्च तिच्या हातात दिली आणि तिचा अंगठा बटणावर ठेवला. तिनं दाबलं.

बराच वेळ ती नुसती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पायरी आहे." मग, "हिची कड तुटलीय." तिनं झोत खालच्या पायरीवर नेला. "ही पण दिसते. अहो, ही पण दिसते!" ती हसायला लागली आणि हसता हसता मटकन पायरीवर बसली. टॉर्च बंद केली, लावली, बंद केली, लावली.

"म्हणजे त्या दिवशी मला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग मी काम का सोडलं?"

काजवा तिच्या शेजारी बसला. जिन्यानं वर जाणाऱ्या एका माणसाला वाट द्यायला दोघं भिंतीला सरकली. तो माणूस गेल्यावर ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि तोही रडला. सेलाखालची एक पट्टी त्यानं ओढली असती तर ती अजून त्या काउंटरवर असती. हे त्याला स्वतःला सांगावंच लागलं नाही, ते तिथे जिन्यात त्याच्याशेजारी बसलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो लाँड्रीत गेला. मालक हळहळला, खरोखर हळहळला. पण भाची नवऱ्याला सोडून आलेली होती, तिला आता उठ म्हणून कसं सांगणार? काजव्यालाही ते कसं मागावं कळेना. निमित्त म्हणून धुवायला नेलेला शर्ट न देताच तो परत आला.

त्यानंतर मात्र तिनं शब्द दिला, खोटे मार्क देणार नाही म्हणून. तो निवृत्त झाला आणि रोज संध्याकाळी दोघं फिरायला जाऊ लागली. लाँड्रीसमोरून जाताना ती थांबून दांडीवरचे शर्ट बघायची आणि "ते शाईवाले अजून तसेच आहेत" म्हणायची. परत येताना जिन्याच्या पायथ्याशी काजवा टॉर्च लावायचा आणि विचारायचा, "किती?" ती खरं सांगायची. पहिल्या वर्षी पाच, कधी चार. दुसऱ्या वर्षी तीन. चौथ्या वर्षी कधी दोन, कधी एक. तो रोज तेवढेच लिहायचा, तारीख घालून. ती प्लास्टिकची पट्टी त्यानं वहीच्या पहिल्या पानावर डकवून ठेवली होती.

एका संध्याकाळी ती दोघं परत आली. जिन्यातला दिवा बंदच होता. काजवा टॉर्च शोधत एक खिसा चाचपत होता, ती सापडेना म्हणून दुसरा. बायको त्याच्या कोपराला धरून उभी होती. तिनं मान खाली घालून पायऱ्यांकडे बघितलं.

"आज छान पडलाय हो उजेड," ती म्हणाली. "नऊ."

टॉर्च अजून त्याच्या खिशातच होती. ती लागलीय असं तिला खरंच वाटलं, की तिनं पुन्हा एकदा त्याच्यासाठी मार्क वाढवले, हे विचारून कळलं असतं. त्यानं विचारलं नाही. खिशातला हात त्यानं रिकामाच बाहेर काढला.

"नवे सेल घातलेत," तो म्हणाला.

अठ्ठेचाळीस पायऱ्या दोघं अंधारातच चढली. तो मनात मोजत होता. तीही मोजत असावी, कारण वर दोघं एकदमच थांबली. घरात आल्यावर त्यानं वही घेतली, तारीख घातली, हिचे मार्क या रकान्यात नऊ लिहिले आणि खाली सही केली.